पलंगाखालचा थर्माकोल

४ फेब्रुवारी

हे आज दवाखान्यातून घरी आले. ह्यांच्या आधी मशीन आलं. न्यूमोनियाने फुप्फुसं इतकी थकवून ठेवली आहेत की जी हवा आम्ही जन्मभर फुकट ओढत आलो ती आता ह्यांना पुरत नाही. मशीन त्याच हवेतून ऑक्सिजन काढून नळीने नाकात सोडतं. दवाखान्याच्या साहित्य विभागाने ते उसनं दिलंय. गरज संपली की परत करायचं, म्हणजे पुढच्या पेशंटला जातं.

साहित्य विभागाच्या बाई जातीने आल्या होत्या. हसण्यावर कर बसतो असा चेहरा. खोक्यातून मशीन काढलं तर त्याला वर एक आणि खाली एक असे थर्माकोलचे जाड ठोकळे, मशीनच्या आकाराच्या खाचा पाडलेले. बाई म्हणाल्या, "हे जपा. परत येताना मशीन ह्याच्यातच यायला हवं. वाटेत हिंदकळलं तर पुढच्याला काय उपयोग?" हे मला पटलं. मग म्हणाल्या, "माळ्यावर टाकू नका. पलंगाखाली ठेवा, पेशंटला दिसेल असं." हे काही पटलं नाही. पेशंटला दिसेल असं कशाला? हे काय त्याच्याशी गप्पा मारणार आहेत?

दवाखान्यातून निघताना डॉक्टरांना जिन्यात गाठलं होतं आणि विचारलं, मशीन किती दिवस लागेल. म्हणाले, सांगता येत नाही, काहींचं महिन्या-दोन महिन्यांत सुटतं, काहींना कायमचं लागतं. आता ह्यांचं काय, एवढंच तर विचारत होते मी. जगाची सरासरी कोणाला हवी होती?

ही वही मी इंग्रजीत लिहायला घेतली होती, कन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी घटवून घेतलेल्या वळणदार अक्षरात. दोन ओळींतच लक्षात आलं की इंग्रजीत मला नीट रागावता येत नाही. पान फाडलं.

७ फेब्रुवारी

माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, सुपरवायझर होऊन निवृत्त झाले. दिवसभर कानात लोकांचे आवाज. तोंड न बघता सांगायचे मी, हा खोटं बोलतोय, ही रडून आलीय. त्यामुळे ह्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा तो चिमटा लावून आकडा बघायची मला गरज पडत नाही. ह्यांचं वाक्य ऐकलं की कळतं.

"चहात" म्हणतात आणि थांबतात. दम घेतात. "साखर" म्हणतात. पुन्हा दम. "नको" येईपर्यंत मी साखर घालून ढवळलेलीसुद्धा असते.

हे नकाशे काढायचे, पुलांचे. बोलके कधीच नव्हते, पण जे बोलायचे ते अखंड बोलायचे.

व्यायाम घ्यायला एक मुलगी येते. तिने तीन चेंडूंचं एक खेळणं दिलंय, नळीतून श्वास ओढला की चेंडू वर जातात. ह्यांनी त्याला हात लावलेला नाही. टेबलावर तिन्ही चेंडू खाली बसून आहेत, वर्गाबाहेर काढलेल्या मुलांसारखे.

१२ फेब्रुवारी

पलंगाखालच्या त्या थर्माकोलने वीट आणलाय. झाडू लागला की कुरकुरतो, अंगावर काटा येतो. दाणे सुटतात ते निराळेच. झाडले की उडतात, फडक्याने पुसावे तर फडक्याला चिकटतात, तिथून माझ्या बाहीवर, बाहीवरून वरणात.

खरं सांगायचं तर रोज सकाळी वाकून केर काढताना ते दोन पांढरे ठोकळे समोर आले की माझं डोकंच फिरतं. परत करायची वेळ येईल तेव्हा बघता येईल. आधी ती वेळ तर येऊ दे.

खोका मी ठेवते आहे, त्यात ह्यांची औषधं छान मावतात. थर्माकोल घरातून जाणार. पण रस्त्यावर फेकायचा नाही, शिस्तीत जायला हवा. टाकलेल्या वस्तूला पण पत्ता असतो, असं आमच्या सिस्टर म्हणायच्या. पत्ता शोधू.

१३ फेब्रुवारी

पत्ता नाही.

सकाळी कचरागाडी आली. गाडीवरच्या बाईला विचारलं, ओल्यात टाकू की सुक्यात? ती म्हणाली, कशातच नाही. एक ठोकळा टाकला की अर्धी गाडी भरते, मग बाकीच्यांचा कचरा काय डोक्यावर घेऊ? मी भांडायला तोंड उघडलं होतं, पण गाडी पुढे गेली.

दुपारी भंगारवाल्याला वर बोलावलं. त्याने ठोकळा एका बोटावर तोलून दाखवला. "आजी, ही तर नुसती हवा आहे. हवा कोण विकत घेतं?" माझ्या अगदी ओठावर आलं होतं, आत ये आणि बघ कोण घेतं. थर्माकोल दाबून वितळवणारे आहेत म्हणे, पण लांब आहेत, आणि तिथवर टेम्पोभर हवा वाहून न्यायची म्हणजे मालापेक्षा भाडं महाग. जुनी कढई मात्र मागून बघितली लबाडाने.

मग नगरपालिकेला फोन. टेलिफोनवर मला कोणी टोलवू शकत नाही, आयुष्यभर मीच लोकांना टोलवत आले. चौथ्या माणसाला खिंडीत गाठला. तो म्हणाला, थर्माकोल सुक्या कचऱ्यात धरतात, पण सुका कचरा उचलणारे थर्माकोल उचलत नाहीत. मी म्हटलं, म्हणजे कागदावर तुम्ही तो घेता आणि प्रत्यक्षात घेत नाही. तो म्हणाला, "बरोबर!" आपलं म्हणणं कोणाला तरी कळलं ह्याचा आनंद त्याच्या आवाजात स्वच्छ ऐकू आला. एवढा आनंदी माणूस मी त्या कार्यालयात आजवर ऐकला नव्हता.

१५ फेब्रुवारी

खालच्या मजल्यावरच्या वहिनींना सगळं येतं. त्या म्हणाल्या, कुंडीच्या तळाला थर्माकोलचे तुकडे घाला, पाणी साचत नाही आणि कुंडी उचलायला हलकी होते. त्यांचं ऐकायची वेळ माझ्यावर आली, ह्याची नोंद करून ठेवते.

पावाची सुरी घेऊन गॅलरीत बसले आणि खालचा ठोकळा कापला. आवाज असा की शेजारची मांजर कठड्यावरून पळाली. दाणे नाकातोंडात. पण कापायला लागल्यावर हात थांबेना. बारीक, आणखी बारीक. कुंड्या संपल्या तरी मी कापतच होते.

वर बघितलं तर हे खिडकीशी खुर्चीत, नाकात नळी, माझ्याकडे बघत होते. म्हटलं, दाणे उडताहेत, खिडकी लावू का? हे मानेनेच नको म्हणाले. मग पलंगाखाली बघितलं, मग परत माझ्याकडे.

सगळ्या कुंड्या भरल्या. एक काम हातावेगळं झालं.

१६ फेब्रुवारी

दुसऱ्या ठोकळ्याचं ह्यांच्या पायाखाली घ्यायला पाटासारखं काहीतरी करावं म्हटलं. नुसतं पांढरं कसं दिसेल? दाराचा ऑइलपेंट उरला होता, तो घट्ट झालेला, म्हणून त्यात सढळ हाताने थिनर ओतला. वास नको म्हणून जिन्यात बसून रंगवलं. पाच मिनिटांत माझ्या डोळ्यांदेखत पाटाला खळगे पडायला लागले. मी आणखी रंग लावला, खळगे बुजावेत म्हणून. पाट खाली बसला. मग गेलाच. उरला तपकिरी चिकट गोळा, आणि त्याला पायरी कायमची चिकटली.

वहिनी वर येऊन बघून गेल्या. "थिनरने विरघळतो हो तो. तुम्हाला माहीत नव्हतं?" एवढं विचारायला जिना चढून आल्या.

दोन्ही ठोकळ्यांची अशी वासलात लागली. पलंगाखाली मोकळं झालं, स्वच्छ झालं. तरीपण आज जेवण गेलं नाही. थिनरचा वास बसला असेल.

१८ फेब्रुवारी

ह्यांच्या अंगात काय संचारलंय कळत नाही. परवापासून ते तीन चेंडूंचं खेळणं हातातून सोडत नाहीत. पहिला चेंडू वर जातो, दुसरा थरथरतो. व्यायामवाल्या मुलीला ह्यांनी स्वतःहून विचारलं, "अजून... काय... करू?" ती माझ्याकडे बघून म्हणाली, काका एकदम मनावर घ्यायला लागले, काय केलंत तुम्ही? मी काय केलं? मी तर दोन दिवस पायरी खरवडते आहे.

२६ फेब्रुवारी

वहिनींनी बिल्डिंगभर सांगितलेलं दिसतं की वरच्या काकूंना थर्माकोल लागतो. दार उघडलं तर उंबऱ्याशी टीव्हीचे चार कोपरे. संध्याकाळी मिक्सरचं अंथरूण-पांघरूण. कोणीतरी फ्रिजचं अख्खं बूड आणून भिंतीला टेकवून ठेवलंय, वर चिठ्ठी, "आभार." आभार कसले? अनाथाश्रम काढलाय का मी?

परत न्यायला सांगावं तर कोणाचं कुठलं ते कळायला मार्ग नाही. फेकायचं तर कुठे, ते मला आता ह्या गावात सगळ्यांपेक्षा जास्त माहीत आहे. सगळं गॅलरीत रचलं. ह्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि एकेक तुकडा हातात घेऊन बघत बसले. खाचा बघून वस्तू ओळखायच्या. "ही... इस्त्री. हे... भिंतीवरचं घड्याळ." एक तुकडा आम्हा दोघांनाही ओळखता आला नाही. मी म्हटलं, दात काढलेली कवळी. हे हसले, खोकले, पुन्हा हसले.

बरी गेली दुपार.

९ मार्च

नळी काढून दारापर्यंत गेले आणि आले. मी मागून हात पुढे करून, पडतील तर झेलीन म्हणून. "मदर सुपीरियर," मला म्हणाले, "हात खाली घ्या." कन्व्हेंटची म्हणून लग्नापासून मला हेच नाव आहे. आजारपणात पहिल्यांदाच काढलं.

आणि मधे दम घेतला नाही. लिहायचं विसरणार होते.

२७ मार्च

डॉक्टर म्हणाले, मशीन परत करायला हरकत नाही.

मी विचारलं, नक्की? त्यांनी नक्की म्हटलं. मी पुन्हा विचारलं. त्यांनी कागद फिरवून आकडे दाखवले. तिसऱ्यांदा विचारणार तेवढ्यात ह्यांनी टेबलाखालून माझा हात दाबला.

दिवसभर डोळे चुरचुरताहेत. त्या थर्माकोलचे दाणे कुठे कुठे जाऊन बसलेत देव जाणे.

२८ मार्च

साहित्य विभागाच्या बाईंचा फोन. मशीनसाठी एक पेशंट दवाखान्यात अडकून पडला आहे, घरी जायला तयार, पण मशीन नाही म्हणून सोडत नाहीत. परवा सकाळी गाडी येईल. पॅकिंग आहे ना?

मी म्हटलं, "आहे."

कन्व्हेंटमध्ये दहा वर्षं काढलेली बाई मी, धडधडीत खोटं बोलले, आणि तेही टेलिफोनवर. फोन ठेवला आणि सगळं आठवलं. अर्धं कुंड्यांत, अर्धं पायरीवर. आणि गाडीत नुसतं टाकून मशीन बिघडलं तर तो कोण बिचारा तिकडे खाटेवर वाट बघतोय, त्याला मी काय सांगू? आमच्या कुंड्यांत पाणी साचत नाही म्हणून?

ह्यांना सांगितलं. मला वाटलं रागावतील. ह्यांनी जुनं कॅलेंडर मागवलं, मागची बाजू कोरी असते म्हणून, आणि पट्टी, आणि पेन्सिल. "टोक नीट करून दे." माझ्यावर रागवायच्या ऐवजी पेन्सिलीवरच रागावले.

२९ मार्च

दिवसभर बसलो होतो. बोटं सुजली आहेत, पण लिहायचं आहे.

ह्यांनी मशीनचा नकाशा काढला, वरून, बाजूने, मागून. चाकं कुठे, मूठ कुठे, नळीचं तोंड कुठे. जणू पूलच बांधायचा आहे. मग गॅलरीतला एकेक अनाथ उचलून मापाला लावला. फ्रिजचं बूड खाली. चाकांना मिक्सरचं अंथरूण, थोडं कोरून. टीव्हीचे कोपरे चार बाजूंना. मुठीच्या जागी तो ओळखू न आलेला तुकडा असा बसला की जणू जन्मला त्यासाठीच होता. सुरीच्या पात्याला ओला साबण चोळला की दाणे उडत नाहीत, हे मी स्वतः शोधून काढलं, आणि वहिनींना मुद्दाम खाली जाऊन सांगून आले.

आता हे सगळं जोडायचं कशाने? डिंक हलका, आणि जोरदार काही लावावं तर विरघळतं, ते मी जगाला शिकवू शकते. तेव्हा सिस्टर आठवल्या. शिवणाच्या तासाला म्हणायच्या, चिकटवणं म्हणजे आळशी बाईचं शिवणं. दाभण घेतला, सुतळी घेतली आणि थर्माकोल शिवला. आरपार. टाक्याखाली पुठ्ठ्याची चकती ठेवली की सुतळी आत रुतत नाही. मग जुन्या चादरीचे अभ्रे शिवून दोन्ही भागांना घातले, म्हणजे दाणे बाहेर नकोत, ज्याच्या घरी जाईल त्याची फुप्फुसं आधीच बेजार. काठाला ब्लँकेटचा टाका, सगळे एका उंचीचे. सिस्टरांनी बघितलं असतं तर एखादा उसवायला लावलाच असता.

मी टाका घालत होते, हे पट्टी धरून होते. मधेच म्हणाले, "तू तो ठोकळा कापत होतीस ना गॅलरीत, त्याच दिवशी मी ठरवलं, मशीन परत करायचंच."

मी म्हटलं, ठरवलं होतंत तर तेव्हाच सांगायचं, कापला नसता. एवढा दिवस सुतळी ओढण्यात गेला नसता.

हे हसायला लागले, ते थांबेनात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. पण खोकला आला नाही, एकदाही.

संध्याकाळी औषधं काढून खोका रिकामा केला, मशीन आत बसवलं, वरचा भाग लावला, आणि दोघांनी मिळून गदागदा हलवलं. मी कान लावला. आत काही वाजलं नाही.

३० मार्च

बाई आल्या. खोका उघडला. फुलाफुलांचा अभ्रा बघून हात तसाच राहिला. "हे आमचं नाही," म्हणाल्या.

मी म्हटलं, "नाही. तुमचं मी कापलं. कुंड्यांत आहे." खोटं एकदाच पुरतं.

त्यांनी वर उचलून बघितलं, टाके बघितले, मूठ जिथे बसते तिथे बोट घालून बघितलं. मग गॅलरीत गेल्या आणि कुंड्या बघितल्या. "फुलं आली?"

"कळ्या आहेत."

त्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. कर चुकवून हसल्या असाव्यात. म्हणाल्या, बिनपॅकिंगची मशीनं खोलीभर पडून आहेत, तशी पाठवता येत नाहीत, लोक सगळं हरवतात, कापतात, फेकतात. अजून करून द्याल का? मी म्हटलं, मी निवृत्त बाई आहे, माझ्या घरी आजारी माणूस आहे. मागे हे नळीबिळी काही न लावता उभे होते आणि पेन्सिल कानावर. "मापं पाठवा," म्हणाले. मला कोणी विचारलं नाही.

पेशंट कोण, ते मी विचारून घेतलं. एक शिंपी आहेत, घरात म्हातारी आई. मी बाईंना बजावलं, त्यांना सांगा, खोका माळ्यावर टाकायचा नाही, पलंगाखाली ठेवायचा, पेशंटला दिसेल असा. का ते मला अजून कळलेलं नाही, पण नियम म्हणजे नियम. बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं.

मशीन गेलं. घर एवढं शांत आहे की भिंतीवरचं घड्याळ वाजतं हे आज कळलं.

१४ एप्रिल

भंगारवाला आता थर्माकोल खालीच आणून ठेवतो. काही घेत नाही त्याचं, म्हणतो, आजी, हवा ती हवा, तिचे काय पैसे. चहा मात्र घेतो, तोही दोन कप. कचरागाडीवरची बाईपण लांबून ओरडते, फाटकाशी ठेवलंय बघा. वहिनी अभ्र्यांना काज करून देतात. वाईट करत नाहीत. थोडे मोठे करतात.

आज मी पिठात हात घालून बसले होते आणि हे कधी खाली गेले कळलंच नाही. दार वाजलं. उघडलं तर आधी दिसला एक भला मोठा पांढरा ठोकळा, कपाटाचा असावा, ह्यांच्यापेक्षा उंच. त्याच्या मागून आवाज, तीन जिने चढून आलेला.

"सांगून ठेवतो, ह्या बिल्डिंगमधली माणसं कपाटं विकत घेतात, आणि पॅकिंग आपल्या दाराशी आणून टाकतात, आणि ती खालची वहिनी मला म्हणते, काका, जरा दोन्ही हातांनी धरा, जसं काही मी चार हात घेऊन फिरतोय, आणि तू इथे लाटत बसली आहेस, आणि ह्याला ठेवायचा कुठे, ते तरी सांग."

मी सबंध ऐकून घेतलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, हेडफोन लावल्यासारखं, जागची न हलता. कुठेही तुटलं नाही.

मग म्हटलं, "पलंगाखाली. आणि चपला बाहेर काढा."